अध्यक्षांचें मंत्रिमंडळ

धंतोलीला लागून असलेल्या वस्तीस काँग्रेसनगर हें नांव १९२० च्या डिसेंबरांत तेथें भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनामुळें पडलें. असहकारितेच्या ठरावामुळें तें अधिवेशन सर्वांच्या स्मरणांत राहिलें. परंतु त्याच मंडपांत नवी घटना संमत होऊन पंधरा जणांची कार्यकारिणी जन्मास आली, याचा बहुधा विसर पडतो. अध्यक्षांचें मंत्रिमंडळ म्हणून पुढें तिचा लौकिक झाला.

पण असें मंडळ असतें कोणाचें? अमेरिकेंतील मंत्री सेनेटच्या संमतीनें येतात, तरी अध्यक्षांच्या मर्जीनें जातात. राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीची निवड आरंभीं अखिल भारतीय समितीकडे होती. १९३४ च्या मुंबईच्या घटनेनें ती अध्यक्षांच्या हातीं आली. कागदावर तरी वाद मिटला.

मुख्यप्रधानाचें मंडळ कोणाचें, हा प्रश्न मात्र १९३८ च्या जुलईंत नागपुरासच पडला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यप्रधान डॉ. ना. भा. खरे यांचें महाकोशलच्या सहकाऱ्यांशीं पटेना. मे महिन्यांत पचमढीस झालेला समेट टिकला नाहीं. २० जुलईस डॉक्टरांनीं राजीनामा दिला. मुख्यप्रधान गेला कीं सारें मंडळ जातें, हा इंग्रजी संकेत त्यांस पाठ होता. शुक्ल, मिश्र व मेहता यांनीं मात्र वरिष्ठांच्या आज्ञेवांचून जागा सोडण्याचें नाकारलें. तेव्हां गव्हर्नरांनीं त्यांस दूर केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं खरे यांचें नवें मंडळ उभें राहिलें. त्यांत अस्पृश्य समाजाचे अग्निभोज होते, ही गोष्ट टीकाकारांनीं पुरेशी मनावर घेतली नाहीं असें मला वाटतें. तें मंडळ तीन दिवसही टिकलें नाहीं. जवळच वर्ध्यास बसलेल्या वरिष्ठांनीं डॉक्टरांस पुन्हां राजीनामा द्यावयास लावला, व शुक्ल मुख्यप्रधान झाले. कायद्याचें पुस्तक डॉक्टरांच्या बाजूस होतें. पण ज्या पक्षाच्या नांवावर मतें मागितलीं, त्यास न विचारतां गव्हर्नरांचें दार ठोठावणें शहाणपणाचें नव्हतें, हें त्यांच्या चाहत्यांनींही मान्य करावें.

त्या वेळीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. १९३९ च्या जानेवारींत ते १५८० विरुद्ध १३७७ मतांनीं पुन्हां निवडून आले, आणि फेब्रुवारींत वर्ध्यासच त्यांच्या कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांनीं राजीनामे दिले! मार्चांत याच प्रांतांतील त्रिपुरीस ठराव झाला कीं, अध्यक्षांनीं कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. नेमण्याचा हक्क अध्यक्षांचा, इच्छा दुसऱ्याची. २९ एप्रिलास कलकत्त्यास सुभाषबाबूंनीं अध्यक्षपद सोडलें. राजेंद्रप्रसाद त्या जागीं आले, आणि त्यांच्या यादींत जुनीं नांवें बहुतेक परत आलीं.