काकडीच्या पोटातलं बी

बिडकीनच्या बाजूला काकडीच्या वाणांची तुलना एकाच मापाने होते: पहिल्या तोड्याला किती क्रेट निघाले? या मापात संकरित वाण जिंकतो, आणि त्यात लबाडी काही नाही. माझे काका मात्र पुढचं विचारतात, 'एवढं चांगलं पीक आलं तर याचंच बी का धरू नये?' कायद्याची आडकाठी नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतातलं बी राखायचा आणि पुन्हा पेरायचा हक्क दिला आहे. अडचण फुलात आहे.

काकडी मूळची आपल्याकडची. हिमालयाच्या पायथ्याशी तिचे रानटी भाऊबंद अजून उगवतात. साध्या वेलाला आधी नरफुलं येतात, तीही ढिगाने. फळ मात्र मादीफुलालाच धरतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठात क्लिंटन पीटरसन यांनी कोरियाहून आलेल्या बियाण्यापासून जवळजवळ सगळी मादीफुलंच येणारा वाण तयार केला. तो 1960 च्या सुमारास बाहेर आला. मग संकरासाठी नरफुलं हाताने खुडत बसायला नको. एका ओळीत मादी वाण, शेजारी परागासाठी दुसरा, बाकी काम मधमाश्यांचं. आपल्याकडे कुलू खोऱ्यातल्या कटराईन केंद्रात जपानी मादी वाण घेऊन 'पुसा संयोग' हा संकर निघाला. आमच्या शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको सुरू केली होती. बी दुकानातून आणायची सवय मराठवाड्याला लागली ती या काळात.

मादीपणा मुख्यतः एका जनुकावर ठरतो. संकरित वेलात त्याची एकच प्रत असते, आईकडून आलेली. अशा वेलाचं बी धरलं की पुढच्या पिढीत चौथाई किंवा त्याहून जास्त वेलांना ती मिळतच नाही; ते पुन्हा नरफुलांनी भरतात. फळाची लांबी, रंग, केवड्याला तोंड देण्याची ताकद, सगळ्याचीच अशी फाटाफूट होते. माझ्या धंद्यातल्या भाषेत, प्रोग्रॅम आपल्याकडे आणि सोर्स कोड कंपनीकडे. शेडनेटमधल्या काही नव्या वाणांना तर परागीभवनच लागत नाही. त्या काकडीत धरण्याजोगं बीच नसतं.

राहुरी कृषी विद्यापीठाची पांढरट 'हिमांगी' वेगळी. तीही 'पॉइनसेट' आणि 'कल्याणपूर अगेती' यांच्या संकरातूनच आली, पण पिढ्यान् पिढ्या निवड करून स्थिर केलेली. तिचं बी घरी धरता येतं. फक्त आसपास दुसरी काकडी नको, कारण मधमाशी बांध ओळखत नाही. आणि आमच्या शिवारात शेजाऱ्याच्या मांडवावर संकरित काकडी असतेच.