तलावाचा काठ कोठे संपतो?

भोपाळच्या पूर्वेकडील इंद्रपुरीच्या रहिवाशास पश्चिमेचा बडा तलाव दूरचा वाटतो. परंतु शहराच्या मोठ्या भागाची तहान तोच भागवितो. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीस बांध घालून तो निर्माण केला, अशी परंपरा आहे. तलावाचा विस्तार सुमारे 31 चौरस किलोमीटर. त्यात पाणी आणणारे पाणलोट क्षेत्र मात्र 361 चौरस किलोमीटर, बहुतांशी शेतीचे आणि शेजारच्या सीहोर जिल्ह्यातही पसरलेले. 1995 मध्ये जपानी कर्जसाहाय्याने तलावाच्या संवर्धनाचे कार्य सुरू झाले. 2002 मध्ये रामसर यादीत त्याचे नाव आले. तरीही शेतांतील खते पावसाळ्यात कोलांसवाटे तलावात उतरतच राहिली. महानगरपालिकेचा अधिकार हद्दीपाशी थांबतो. नदीला हद्द कोण शिकविणार?