रोडगा वाहणारे आणि रोडगा खाणारे

एकनाथांचे ते भारूड आपण गोव्यात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भजनी सप्ताह असो की गावच्या देवळातली जत्रा, कोणीतरी लुगडे नेसून सासुरवाशीण होतो, सासरच्या एकेका माणसाचा काटा काढण्यासाठी भवानीला साकडे घालतो आणि बदल्यात रोडगा वाहण्याचा नवस बोलतो. सभामंडपात हशा पिकतो. मीही हसत असे. पण रोडगा म्हणजे नक्की काय हे तेव्हा आम्हा मुलांपैकी कोणालाच माहीत नव्हते. एका मास्तरांना विचारले तर ते म्हणाले, "असेल काहीतरी भाकरीसारखे." भात खाणाऱ्या मुलखात यापेक्षा जास्त चौकशी कोण करणार?

तो रोडगा मला प्रत्यक्ष भेटला तो महाराष्ट्रातही नाही, तर मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याजवळच्या एका संत्र्याच्या बागेत.

पांढुर्णा आणि सौंसर हे सातपुड्याच्या पायथ्याचे दोन तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन जुने तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. नागपूरहून दिल्लीकडे जाणारी रेल्वे काटोल, नरखेड करत शंभरेक किलोमीटरवर पांढुर्ण्याला पोचते. फलाटावरची पाटी हिंदी, कचेरीचा कारभार हिंदी. पण बाजारात कान दिला की वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी ऐकू येते. कोथिंबिरीला इथेही सांबारच म्हणतात आणि भाकरीला भाकर.

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी बागेत जेवण ठेवले होते. त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांकडे होता. गव्हाचे जाडे, रवाळ पीठ, त्यात तेलाचे मोहन, मीठ आणि ओवा घालून घट्ट मळले. त्याची पोळी लाटून, तेलाचा हात फिरवून, घडी घालून आत ठेवायची आणि वरून पुन्हा पिठाचे आवरण द्यायचे. असे मुठीएवढे गोळे तयार झाले. दुसरीकडे गोवऱ्यांचा ढीग पेटवला होता. ज्वाळा विझून नुसता लालसर विस्तव उरला, तेव्हा ते गोळे त्यात पुरले आणि वर गरम राख ओढली. मग दीड तास गप्पा. बाजूच्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती आणि वरण तयार होते. रोडगे बाहेर काढले, गोणपाटात घालून हलवून राख झाडली, हातानेच फोडले. आत पापुद्रे सुटले होते. त्यावर तूप. घरातल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "खाऊन पाहा न भाऊ, गरम आहे तोवर. थंडा झाला की दगड होते."

खरोखरच, नवस बोलण्याजोगा पदार्थ आहे तो.

आता एक गंमत पाहा. आपण गोवेकर बेकिंग म्हटले की पोर्तुगीजांकडे बोट दाखवतो. १५१० नंतर पोर्तुगीज आले, त्यांच्याबरोबर पाव आला, खमिरासाठी माडाची सूर वापरण्याची युक्ती निघाली, साष्टीतले पोदेर तयार झाले आणि उंड्याच्या वासाने आपली सकाळ होऊ लागली. हे सगळे खरेच आहे. पण भट्टी नव्हती म्हणून भाजणे नव्हते असे कुठे आहे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९-३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे. त्यात तापलेल्या खापरावर भाजायचे मंडक आहेत, पोलिका आहेत आणि निखाऱ्यांवर भाजायची अंगारपोलिकाही आहे. रोडगा म्हणजे तीच अंगारपोलिका असे मी म्हणणार नाही. मधल्या शतकांची साखळी जोडणे सोपे नाही. पण विस्तवात कणकेचा गोळा भाजण्याची रीत या मुलखाला पोदेरापेक्षा किमान चारशे वर्षे आधी ठाऊक होती, एवढे म्हणायला हरकत नसावी.

मंडक म्हणजे आपले मांडे. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही कथा सर्वांना माहीत आहे. आपल्याला ओळखीचे मांडे बेळगावचे. साखर भरलेले, घडी घातलेले, लग्नाच्या रुखवतात मिरवणारे. नागपूरकडे आणि या सीमेवरच्या भागात त्यांची साधी बहीण आहे, तिला लांब रोटी म्हणतात. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातावरून ओघळली पाहिजे. ती आपटून आपटून तिला तार आणायची, मग दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. मडक्याखाली जाळ. लाटणे नाही, पोळपाट नाही. हे काम येणारी बाई गावात मानाची असते आणि लग्नकार्यात तिला आग्रहाचे बोलावणे जाते.

आणि आपल्याकडची धोणस? काकडी किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि नारळ घालून आजी पातेले चुलीवर ठेवायची, वर झाकणात निखारे. खाली विस्तव, वर विस्तव. ख्रिस्ती घरांतली बिबिंकाही तशीच: एक थर ओतायचा, वरच्या निखाऱ्यांनी भाजायचा, मग दुसरा. धर्म वेगळे, गोडी वेगळी, पण वरून आच देण्याची युक्ती एकच. मराठीत रोस्टिंगला आणि बेकिंगला वेगवेगळे शब्द नाहीत, दोन्हींना आपण भाजणेच म्हणतो, याची काही जणांना खंत वाटते. मला वाटते, आपल्या बायकांनी चूल, मडके आणि राख एवढ्या सामग्रीत हे सगळे एकत्र साधले, म्हणून शब्दही एकच राहिला.

तर रोडगे खाता खाता घरातला बारा-तेरा वर्षांचा नातू म्हणाला, "दादी, एक और बाटी दो." आजींनी दिला. मग माझ्याकडे पाहून हसल्या. "आता लेकरं बाटीच म्हणतात न जी. शाळेत तेच, टीव्हीवर तेच. मी रोडगा म्हटलं तर हसतात."

बाटी माळव्यातली, राजस्थानातली. तीही गोवरीच्या आचेवर भाजतात, तीही तुपात बुडवून खातात. पदार्थ सख्खे भाऊ म्हणावे इतके जवळचे. मग नाव बदलले तर बिघडले काय? परतीच्या प्रवासात मी याच प्रश्नाशी झगडत होतो.

या भागाचा इतिहास नागपूरशी बांधलेला आहे. किंबहुना नागपूरच इकडून जन्मले असे म्हणता येईल. छिंदवाड्याजवळच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ मध्ये नागपूर वसवले. पुढे तिथे भोसले आले. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, तरी राजधानी नागपूरच. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये या प्रांताचा मध्य प्रदेश झाला, तेव्हाही राजधानी नागपूर आणि राजभाषा दोन: हिंदी व मराठी. म्हणजे पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला आपल्या राजधानीत आपल्या भाषेत अर्ज देता येत होता. मग राज्य पुनर्रचना आयोग आला. विदर्भ म्हणून बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा असे आठ जिल्हे मोजले गेले. छिंदवाडा जिल्हा एकंदरीत हिंदी, म्हणून त्याचे दक्षिणेकडचे मराठी तालुकेही त्याच्याबरोबर राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात. घरे जागच्या जागी होती. राजधानी तेवढी भोपाळला गेली.

आपल्याला निदान विचारले तरी गेले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने पडली आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या. त्या निकालावर गोव्यातल्या घराघरांत आजही दोन मते आहेत आणि या पानावर तो वाद मला उकरायचा नाही. पण महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणे-लिहिणे म्हणजे काय, हे ज्यांना रोज अनुभवावे लागते अशांपैकी आपण आहोत. पांढुर्ण्याचे लोकही तसेच. फरक एवढाच की आपल्याकडे मराठी शाळा, वर्तमानपत्रे, नाटके, भजनी मंडळे आहेत. त्यांच्याकडे मराठी उरली आहे ती मुख्यतः ओसरीवर आणि स्वयंपाकघरात.

आणि स्वयंपाकघर ही काही क्षुल्लक जागा नाही. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने जे फर्मान काढले त्यात नवख्रिस्त्यांना तुळस, लग्नातली पारंपरिक गाणी यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट निषिद्ध केली होती: हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणे. भातात मीठ शिजताना घालायचे की नंतर, यावर एका साम्राज्याला हुकूम काढावा लागला! माणसाची ओळख कुठे मुरलेली असते हे त्या अधिकाऱ्यांना बरोबर कळले होते.

पांढुर्ण्याचे नाव आपल्याला वर्तमानपत्रातून कळते ते मात्र वेगळ्याच कारणाने. श्रावणी अमावास्येला पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायचे, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. पोळ्याला पुरणपोळी पहिल्यांदा बैलाला, मग घरच्यांना. सोबत कढी, वडे, भजी. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरांना पोळे खाऊ घालतात, तोच भाव. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि मुलांचा तान्हा पोळा भरतो, तेव्हा पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव ही दोन्ही काठांची माणसे एकमेकांवर दगड फेकतात. एका काठाचा मुलगा दुसऱ्या काठाची मुलगी घेऊन पळत होता आणि नदीतच दोघे दगडांना बळी पडले, अशी कथा सांगतात. शेवटी झाड चंडी मातेच्या देवळात नेतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काहींचे डोळे गेले, काहींचे प्राण गेले. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते चालले नाहीत.

आजींना मी गोटमारीबद्दल विचारले. त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोळ्याच्या रात्री पुरण वाटताना बायका बोलत नाही जास्त. उद्या कोण कसा घरी येईल, काय सांगता येते. दोन पोळ्या जास्तच वाढतो आम्ही." त्यांच्या दिराचा एक डोळा त्या नदीकाठी गेला होता. तरीही दुसऱ्या वर्षी तो पुन्हा गेला, आणि त्याला पोळी त्यांनीच वाढली.

परंपरा म्हणून आपण जे जे जपतो ते सारखेच जपण्यालायक असते का? ज्या गावाने दगड सोडला नाही, त्याच गावात रोडगा हा शब्द एका पिढीत सुटतो आहे. दगडाला दरवर्षी हजारो बघे मिळतात, कॅमेरे येतात. रोडग्याला एक आजी आहे. मला दोन्हींमधून निवडायला सांगितले तर मी काय निवडीन हे सांगायला नको. पण निवड माझ्या हाती नाही, त्या नातवाच्या हाती आहे. आणि तो रोडगा आवडीने खातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

निघताना मी त्याला भारुडाची गोष्ट सांगितली. म्हटले, "चारशे वर्षांपूर्वी एका संताने लिहिलेल्या भारुडात तुमचा हा रोडगा आहे, आणि तिकडे समुद्राकाठी आम्ही तो न खाताच गातो." तो चकित झाला. "सच में? रोडगाच लिहिलंय? बाटी नाही?" मी म्हटले, रोडगाच. त्याने आजीकडे पाहिले. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पदराने तोंड पुसले आणि माझ्या पिशवीत चार रोडगे आणखी टाकले.

घरी आल्यावर मी परसात प्रयोग करून पाहिला. गोवऱ्या मिळेनात म्हणून करवंट्या आणि सोडणे पेटवली. नारळाची आच फार तेज. रोडगे बाहेरून कोळसा झाले आणि आत कणीक कच्चीच राहिली. गोवरीचा विस्तव मंद आणि दीर्घ असतो, तो घाई करत नाही, हे तेव्हा कळले. जिथली भाकर तिथलाच विस्तव लागतो म्हणायचा. पुढच्या खेपेला डिचोलीकडून गोवऱ्या मागवणार आहे.