चांदणी की ‘टी’?

मंडळी, आजोबांचा जुना ट्रक माझ्या मुलाने तळेगावात पुन्हा चालता केला. काम संपले, वाद उरला आहे तो दर्शनी जाळीवरच्या खुणेचा.

टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. त्यांच्यावर मर्सिडीजची चांदणी असे. १५ वर्षांचा करार १९६९ साली संपला. नव्या ट्रकवर चांदणीऐवजी टाटांचा ‘टी’ आला.

आमचा ट्रक चांदणीचा. पण वडिलांनी पुढे हौसेने त्यावर ‘टी’ बसवून घेतला. मुलगा म्हणतो, मूळचे तेच खरे. मला वाटते, कारखान्याने दिले ते कंपनीच्या इतिहासात आहेच. वडिलांनी मिरवलेला ‘टी’ मात्र दुसरीकडे कुठेच नोंदलेला नाही. तो राहू द्यावा. तुमचे मत जरूर कळवा.