पणजोबांचे नाव कोणत्या वहीत? नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतील चर्चे आणि आपला कुळवृत्तान्त

आज आपण कुळवृत्तान्ताविषयी बोलणार आहोत, पण नेहमीच्या नाही. कुळवृत्तान्त म्हटले की कापडी बांधणीचा जाडजूड ग्रंथ आठवतो. घराण्याचा मूळ पुरुष, त्याच्या शाखा, कोण पुण्याला गेला, कोण इंदूरला गेला, हे सगळे त्यात छापलेले असते. ग्रंथ नसला तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असतात, किंवा वतनाची सनद, इनामाचा कागद असतो. म्हणजे ज्यांच्याकडे जमीन होती, वतन होते, तीर्थयात्रेला जायची ऐपत आणि मुभा होती, त्यांचे पूर्वज कागदावर आहेत.

आता नेवासे किंवा राहुरी तालुक्यातल्या एखाद्या महारवाड्यात, मांगवाड्यात दीडशे वर्षांपूर्वी राहणाऱ्या माणसाचे काय? तो गावदप्तरात अगदीच नसतो असे नाही. महार वतनाच्या कागदांत वतनदाराचे नाव सापडते. पण त्याच्या बायकोचे, बहिणीचे, लहानपणीच गेलेल्या लेकराचे नाव तिथे शोधू नका. तो कागद कामाचा आणि जमिनीचा हिशेब ठेवतो, घराचा नाही.

आमचे म्हणणे असे, की नगर जिल्ह्यातल्या अशा अनेक घरांसाठी नवरा, बायको, मुले, गाव आणि तारीख हे सगळे एका जागी सांगणारा सर्वांत जुना कागद खेड्यातल्या चर्चच्या वहीत मिळण्याची शक्यता मोठी आहे. आणि दुसरे, ही वही फक्त ख्रिस्ती लोकांची नाही. ते कसे, ते पुढे येईलच.

आधी या वह्या आल्या कुठून, ते पाहू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणे उघडले. १८३३ मध्ये नगरची मंडळी स्थापन झाली. मंडळी हा शब्द इथे ध्यानात ठेवा, आपण सभेत म्हणतो ती मंडळी नव्हे. नगरकडच्या ख्रिस्ती बोलीत मंडळी म्हणजे एका चर्चचा नोंदलेला समाज. १८४२ मध्ये नगरलाच ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतरच्या काळात मिशनचा जोर शहराकडून खेड्यांकडे वळला. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक यांनी बस्तान बसवले. राहुरी, शेवगाव, पारनेर या भागांत कामाची केंद्रे झाली. खेड्यात पहिल्यांदा चर्च उभे राहत नसे, शाळा उभी राहत असे. एकच खोली, आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना. मास्तर तोच, उपदेशक तोच. म्हणून जुने दप्तर मिळाले तर शाळेचा हजेरीपट आणि मंडळीची यादी शेजारी शेजारी सापडू शकते.

१८७० च्या दशकात इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे लोक ज्याला एसपीजी म्हणत ते, मिशन जिल्ह्यात आले. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट फादर खेड्यांत कामाला लागले. त्यामुळे शोध सुरू करताना पहिला प्रश्न ‘चर्च कुठले’ असा नाही, तर ‘कोणाचे’ असा विचारायचा. कारण तिघांच्या वह्या तीन तऱ्हेच्या.

अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत सभासदांची यादी महत्त्वाची. माणूस सभासद झाला तो विश्वास कबूल करून, की दुसऱ्या मंडळीचे पत्र आणून, हे तिथे लिहिलेले असते. पत्राने आला असेल तर आधीचे गाव कळते. पत्र घेऊन गेला असेल तर पुढचे गाव कळते. एखादा माणूस नगरच्या खेड्यातून मुंबईला गेला असेल, तर त्याचा माग भायखळ्याच्या ह्यूम मेमोरियल चर्चपर्यंत काढून बघावा. आणि बघा, या यादीत बाई स्वतःच्या नावाने सभासद असते. जिचे नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही, ती पणजी इथे एका ओळीची मालकीण असते.

कॅथलिक धर्मग्रामांची पद्धत वेगळी. स्नानसंस्कार, दृढीकरण, लग्न, मृत्यू यांच्या निरनिराळ्या वह्या असतात आणि जुन्या नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये. घाबरू नका, ठरावीक दहा-पंधरा शब्द शिकले की वाचता येतात. इथे समास नक्की पाहायचा. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधीनुसार लग्न झाले की त्याची टीप स्नानसंस्काराच्या मूळ नोंदीशेजारी करायची असते. म्हणजे आजीचा जन्म एका गावच्या वहीत आणि तिचे लग्न कोणत्या गावी झाले ते त्याच ओळीच्या कडेला. एसपीजीच्या वह्या इंग्लंडमधल्या चर्चच्या नमुन्यावर, रकाने आखलेल्या. त्यात बापाचा धंदा, राहण्याचे ठिकाण असे रकाने असतात.

आता नावांची भानगड. ‘पणजोबांचे आडनाव वहीत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. नसणारच. त्या काळी स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर भागत असे. जुन्या कागदांत महार माणसांची नावे ‘नाक’ लावून येतात, शिवनाक, सिदनाक अशी. आजचे आडनाव पुष्कळदा शाळेत घालताना किंवा नोकरीला लागताना पक्के झालेले असते. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी, हेही घडते. त्यात बाप्तिस्म्याने भर पडते. अमेरिकन मिशनमध्ये मराठी नाव टाकायलाच हवे असा दंडक नव्हता. हरिपंत हरिपंतच राहिले, नारायण वामन टिळक १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामनच राहिले. कॅथलिकांत मात्र संताचे नाव मिळे. मग एकच माणूस चर्चच्या वहीत योहान आणि गावात लक्ष्मण. म्हणून आडनावाने शोधू नका. गाव, बापाचे नाव आणि बायकोचे नाव, ही तिन्ही एकत्र धरून शोधा.

ही अडचण आपल्यापुरतीच नाही. युरोपात वेल्स नावाचा छोटा देश आहे, तिथल्या खेड्यांतही हेच होते. तिथे कायमचे आडनाव उशिरा आले, आधी ‘अमक्याचा मुलगा तमका’ अशीच ओळख. शिवाय तिथले पुष्कळ गावकरी सरकारमान्य चर्च सोडून स्वतःच्या छोट्या प्रार्थनागृहांत जात. त्यामुळे आजोबा-पणजोबांचा शोध घेणारा वेल्श माणूस आधी विचारतो, की आमचे लोक कोणत्या प्रार्थनागृहाचे? फरक एवढाच, की त्यांच्या अनेक वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा करून घेतल्या, पुष्कळ कागद पुढे त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचले. शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेची घरोघरची पत्रकेही त्यांना वाचायला मिळतात. आपल्याकडे तशी पत्रके जपलेली नाहीत. म्हणून आपल्या खेड्यातल्या चर्चच्या वहीवर जास्त भार पडतो.

वयाबद्दल एक सावधगिरी. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाची नोंद ठेवणे बंधनकारक केले. त्याच कायद्यात देशी ख्रिस्ती नवरा १६ वर्षांच्या वर आणि नवरी १३ वर्षांच्या वर हवी, अशी अट होती. जन्मतारीख कोणाकडेच नसे. तेव्हा लग्नाच्या वहीत नवऱ्या मुलींची वये ओळीने १४, १४, १४ अशी दिसली, तर ते वय कायद्यात बसवलेले असू शकते. त्यावरून जन्मसाल ठरवून मोकळे होऊ नका.

आता अवघड भागाकडे येऊ. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, आणि लगेच १८९९-१९०० चा. नगर जिल्हा तिन्हींत पोळला. या वर्षांच्या आसपासच्या नोंदी पाहताना पोटात कालवते. अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली, त्यांतल्या कितीकांपुढे बापाचे नाव कोरे. ज्यांचा पूर्वज असा आला, त्यांची वंशावळ तिथेच थांबते. ते मान्य करायचे, कोऱ्या जागी ओढूनताणून कोणाला बसवायचे नाही.

आणि याच ठिकाणी तो जुना टोमणा येतो, भाकरीसाठी बाटले. अनेक घरांत या टोमण्यामुळे पूर्वजांविषयी बोलणेच बंद झाले. वही इथे काय सांगू शकते? बाप्तिस्म्याचा दिवस सांगते, मनातले कारण सांगत नाही. पण तारखा ओळीने मांडल्या तर प्रश्न नीट विचारता येतो. घरातला मुलगा शाळेत आधी आला का? किती वर्षे आधी? बाप्तिस्मा एकट्याचा झाला, की सगळ्या भावकीचा? दुष्काळ सरल्यावर माणसे मंडळीत राहिली, की नावावर काट मारली गेली? काही घरांत भूक हे कारण असेल. काहींत पाण्याचा, देवळाचा, विटाळाचा अपमान असेल. काहींत मुलाने अक्षर शिकावे ही ओढ असेल. आणि भूक असली तरी त्यात लाज कसली? उपाशी लेकरांना जगवणाऱ्या माणसाचा निर्णय आपण पोटभर जेवून तपासतो आहोत, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ.

वही लिहिणारा पाळक किंवा फादर मिशनचा माणूस होता, हेही विसरायचे नाही. त्याच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही सुरुवात, आधीचे आयुष्य म्हणजे प्रस्तावना. म्हणून दुसरे कागद लावून पाहावेत. गावचा जन्म-मृत्यूचा नमुना नंबर १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते. जिल्हा परिषदेच्या शाळेचे जनरल रजिस्टर. वतन जमिनीचे कागद. जुने असले तर मोडीत असतील, जाणकाराकडून वाचून घ्या. शक साल असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन जवळपास येतो. ‘ज्ञानोदय’चे जुने अंकही पाहा. परदेशात अमेरिकन मिशनची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, एसपीजीची ऑक्सफर्डला. पण तिथे मिशनऱ्यांची पत्रे आणि अहवाल मिळतील. साध्या सभासदाचे नाव खेड्यातच शोधावे लागते.

सुरुवातीला म्हटले ना, ही वही फक्त ख्रिस्ती लोकांची नाही? नोंदीत बापाचे नाव असते, आणि तो बाप बहुधा ख्रिस्ती झालेला नसतो. त्याची बाकीची मुले गावात तशीच राहिली. त्यांतल्या कोणाची नातवंडे १९५६ नंतर बौद्ध झाली, कोणी हिंदूच राहिले. म्हणजे एका म्हाताऱ्याचे नाव चर्चच्या वहीत आहे आणि त्याचे वंशज आज तीन धर्मांत आहेत. भावकी जिथे तुटली, तिथला सांधा या ओळीत आहे. जयंतीला, यात्रेला, नाताळाला एकमेकांकडे जाणाऱ्या कुटुंबांना नाते आहे एवढे माहीत असते, कसे आहे ते माहीत नसते. ते इथे कळू शकते.

पण याच कारणाने ही वही जपून हाताळायची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे पूर्वजाची जात आणि बाप्तिस्मा सांगणारी ओळ आज एखाद्या जिवंत माणसाच्या दाखल्यापर्यंत पोचू शकते. आम्ही एक नियम पाळतो, तो तुम्हीही पाळा. स्वतःच्या थेट पूर्वजांची नोंद घ्या. दुसऱ्याच्या घरची नोंद दिसली तर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका, त्या घराला विचारा.

शेवटी कामाचे. १९७० मध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. कॅथलिकांचा हा भाग पूर्वी पुणे धर्मप्रांतात होता, १९८७ पासून नाशिकमध्ये आहे. जायकवाडीच्या पाण्यात नेवासे-शेवगावकडची गावे उठली. तालुके बदलले, २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि जुन्या इंग्रजी अहवालांत तर शहराचे नाव ‘अहमदनग्गर’ असे लिहिलेले सापडते. तेव्हा वही जुन्या जागी नसली तर ती हरवली असे लगेच समजू नका. दप्तर पुढे कोणाकडे गेले, ते विचारत जा. पाळकांना, फादरना आधी पत्र लिहा, आपले नाते आणि हवे असलेले साल कळवा, उपासनेची वेळ सोडून जा. वही हातात मिळाली तर पाने ओल्या बोटाने उलटू नका आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका.

आणि वहीकडे जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जा. तिला तारीख सांगता येणार नाही. पण पणजी कोणत्या गावची, तिला कोणत्या नावाने हाक मारत, कोणते भाऊ एका चुलीवर होते, हे तिलाच माहीत असते. वही अजून दहा वर्षे टिकेलही. म्हातारीचे तसे नाही, तेव्हा या रविवारीच जा.