बिल्ल्याची पाठ, पोथीचा पाठ

मराठीत 'पाठ' हा शब्द स्त्रीलिंगी असला की पाठीमागची बाजू दाखवतो आणि पुल्लिंगी झाला की ग्रंथातील शब्दयोजना. जुने जर्मन बिल्ले पारखणाऱ्यांची रीत पाहताना ही दोन्ही लिंगे एकाच कामाला लागलेली आम्हाला दिसली. जाणकार संग्राहक बिल्ल्याचे तोंड नंतर पाहतो. आधी तो उलटा करतो. टाचणी मूळची आहे की नंतर झाळ देऊन बसवलेली, बिजागरीत खेळ किती, मागे कारखान्याची खूण कोणती, हे सारे पाठीवर लिहिलेले असते. नाझी पक्षाच्या वस्तूंवर 'आरझेडएम' हा शिक्का येतो, तर कायद्याने संरक्षित रचनेवर 'गेस. गेश.' अशी त्रोटक अक्षरे. मग बिल्ला तिरप्या उजेडात धरून मीना तडकला आहे का, ते पाहायचे. ठशाने पाडलेल्या बिल्ल्याच्या रेषा टोकदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर त्या विरघळल्यासारख्या दिसतात आणि बारीक खड्डे उरतात.

धातूही काळ सांगतो. आरंभीचे बिल्ले बहुधा टोंबाकचे, म्हणजे तांब्याचा अंश जास्त असलेल्या पितळेचे. युद्ध लांबले तसे तांबे दुर्मिळ झाले आणि करडे, हलके, लवकर काळवंडणारे जस्त आले. 'टोंबाक' हा शब्द मलय भाषेतून युरोपात गेला आणि त्याचे मूळ संस्कृत 'ताम्र'शी जोडले जाते; म्हणजे आपल्या तांब्याचाच तो दूरचा भाऊ. आमच्याकडे 'जर्मन' वा 'जर्मल' म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे पातेले, हा उलटा प्रवास वेगळाच.

पारखण्यात खरी अडचण मात्र संस्कारांची आहे. बीड जिल्ह्यातल्या उमापूरसारख्या गावातील कोणत्याही घरी पितळेची वस्तू सणाच्या आधी चिंचेने घासून लख्ख करतात. काळवंडलेले पितळ हा घरच्या बाईच्या हलगर्जीपणाचा पुरावा. संग्राहकाच्या लेखी हीच चिंच वस्तूची मारेकरी. धातूवर साठलेला काळसर थर तिने जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात. हैदराबाद संस्थानाच्या अमलाखाली हा मुलूख 1948 पर्यंत होता आणि राज्यकारभार उर्दूत चाले. त्या काळची चपरास, म्हणजे शिपायाच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, सत्ता गेल्यावर एक तर मोडीत जाणार किंवा घासून गुळगुळीत होणार. चपराशी आणि पट्टेवाला हे शब्द मात्र त्या बिल्ल्यावरून आणि पट्ट्यावरून आले नि टिकले. वस्तूपेक्षा शब्द चिवट.

जर्मन संग्राहक वस्तूला 'अवस्था एक', 'अवस्था दोन' असे दर्जे देतात आणि जिला कोणाचा हात लागलेला नाही तिला सर्वांत वर बसवतात. हा क्रम आम्हाला संशयास्पद वाटतो. आमच्या इतिहासाला स्पर्श करणारे एक उदाहरण घेऊ. सुभाषचंद्र बोस एप्रिल 1941 मध्ये बर्लिनला पोहोचले. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून तेथे जे पथक उभे राहिले त्यासाठी 1942 मध्ये 'आझाद हिंद' पदके निर्माण झाली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. ती हिंदी सैनिकांप्रमाणे जर्मनांनाही मिळत. ती व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हाल या कारखान्यात घडली, आणि युद्ध संपल्यावरही तेथे संग्राहकांसाठी ती पाडली गेली. म्हणजे येथे नकलही अस्सल कारखान्याची! अशा वेळी झळझळीत, निष्कलंक पदक हाती आले तर आनंद होण्याऐवजी शंका यावी. कोणाच्याही छातीवर न चढता ते थेट डबीत गेले असण्याचा संभव मोठा.

येथे विष्णु सीताराम सुकथनकरांची आठवण अपरिहार्य आहे. बर्लिनमध्ये हाइन्रिख ल्यूडर्सपाशी शिकलेल्या या पंडिताने 1925 पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली. पोथी सुवाच्य, पाठ सुबोध आणि कथा भरगच्च, म्हणून ती जुनी, असे त्यांनी मानले नाही. सुलभ पाठापेक्षा अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव ते अधिक मानत, कारण लेखनिक अवघड ते सोपे करतो, सोपे ते अवघड सहसा करीत नाही. चिंच लावणारा हात आणि अडलेला शब्द 'सुधारणारा' लेखनिक यांची जात एकच.

त्याच पथकाचे कापडी बाहुचिन्ह पाहा. तिरंग्यावर झेपावणारा वाघ, वर 'फ्रायस इंडिएन' ही जर्मन अक्षरे. हे चिन्ह बाहीवर लावणाऱ्यांनी हिंदुस्थानच्या मुक्तीसाठीच्या लढ्यात हिटलरच्या आज्ञेत राहण्याची शपथ घेतली होती. बोस फेब्रुवारी 1943 मध्ये पाणबुडीतून पूर्वेकडे निघून गेले, हे लोक मात्र हॉलंड आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहिले आणि ऑगस्ट 1944 मध्ये त्यांचे पथक वाफेन-एसएसच्या ताब्यात गेले. कैदेतून सुटण्यासाठी, देशासाठी की दोन्हींसाठी त्यांनी ते चिन्ह लावले, हा प्रश्न लावण्याच्या कृतीशी निगडित आहे. न वापरलेल्या चिन्हात तो प्रश्नच उद्भवत नाही. वापरलेल्याची समोरची बाजू उन्हाने विटलेली असते, पाठीवर रंग ताजे राहतात, कडेला टाक्यांची भोके आणि कधी तुटलेला दोरा. बाजारात दर्जा पहिल्याला वरचा मिळतो. आम्ही दुसरे निवडू, आणि तो दोरा उपटणार नाही.