पर्णकुटी : येरवड्याच्या टेकडीवरील घर आणि त्याची मालकीण

१/ बंडगार्डनचा जुना पूल ओलांडून येरवड्यात शिरले की पर्णकुटी चौक लागतो. रोज हजारो पुणेकर हे नाव उच्चारतात. ते आले जवळच्या टेकडीवरील एका बंगल्यावरून. पर्णकुटी म्हणजे पानांची झोपडी; हा बंगला मात्र गिरणीमालकाच्या ऐश्वर्याला शोभणारा. १९३३ साली देशाच्या राजकारणातील काही महत्त्वाचे क्षण याच घरात घडले. ही कथा त्या घराची आणि ते ज्यांचे होते त्या प्रेमलीला ठाकरसी यांची.

२/ प्रेमलीलाबाईंचा जन्म १८९४ चा. पती सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईतील मोठे गिरणीमालक आणि सहकारी पतपेढ्यांच्या चळवळीचे एक आद्य प्रवर्तक. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदासांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला लाभले. तेच आजचे एसएनडीटी.

३/ १९२५ मध्ये विठ्ठलदासांचे निधन झाले. प्रेमलीलाबाई तेव्हा तिशी नुकत्याच ओलांडलेल्या. त्या काळच्या हिंदू कायद्यात विधवेचा पतीच्या मालमत्तेवरील हक्क फार तोकडा होता. वारसाने मालमत्ता मिळाली तरी ती बहुधा हयातीपुरती. मुक्तपणे विकण्याचा अधिकार नसे. विधवांच्या हक्कांना थोडे बळ देणारा कायदा १९३७ मध्ये झाला, आणि पूर्ण मालकीचा हक्क १९५६ मध्ये मिळाला. ‘लेडी ठाकरसींचा बंगला’ ही ओळख या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

४/ जानेवारी १९३२ पासून गांधीजी येरवडा कारागृहात होते. सप्टेंबरमधील उपोषण आणि पुणे करार याच तुरुंगवासातले. प्रेमलीलाबाईंचा त्यांच्याशी स्नेह होता. तुरुंगातून गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रे त्यांच्या संकलित वाङ्मयात आढळतात. तुरुंग आणि टेकडीवरचा बंगला, दोन्ही येरवड्यातच. पुढे या शेजाराला इतिहासात जागा मिळाली.

५/ ८ मे १९३३. अस्पृश्यता निवारणाच्या कार्यासाठी आत्मशुद्धी म्हणून गांधीजींनी दुपारी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. वय ६३. त्यांचा मृत्यू तुरुंगात ओढवावा, हे सरकारला परवडणारे नव्हते. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांची सुटका झाली. सुटलेल्या उपोषणकर्त्याला आता घर हवे होते. ते घर पर्णकुटी ठरले.

६/ त्या काळी असे दार उघडण्यात जोखीम होती. जानेवारी १९३२ च्या वटहुकुमांनी सरकारला बेकायदा ठरवलेल्या संघटनांच्या वापरातील इमारती ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता, आणि काँग्रेसच्या अनेक कचेऱ्यांना टाळी ठोकली गेली होती. सुटकेनंतर गांधीजींनी सविनय कायदेभंग काही आठवडे स्थगित ठेवण्याचा सल्ला दिला खरा. पण सरकारचा रोष ओसरला नव्हता. ‘सर’ किताब मिळालेल्या घराण्यातील स्त्रीने सरकारच्या सर्वांत प्रसिद्ध कैद्याला आपल्या घरी ठेवून घेतले, हे कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखे नव्हते.

७/ तीन आठवडे देशाचे लक्ष या टेकडीकडे लागले होते. डॉ. अन्सारी प्रकृतीवर लक्ष ठेवून होते. २९ मे रोजी दुपारी संत्र्याचा रस घेऊन उपोषण सुटले. ज्या घरात अशा अशक्त पाहुण्याची अखेरही होऊ शकली असती, त्या घराच्या यजमानीणबाईंवर या काळात किती भार असेल, याची कल्पना करता येते.

८/ त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी, १६ जूनला, त्याच घरात विवाह लागला. वर गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास, वधू राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी. दोन्ही वडिलांच्या इच्छेनुसार या जोडप्याने पाच वर्षे वाट पाहिली होती. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी पौरोहित्य केले.

९/ वर वैश्य, वधू ब्राह्मण. म्हणजे धर्मशास्त्राच्या भाषेत प्रतिलोम विवाह. सनातन्यांना तो निषिद्ध, आणि हिंदू कायद्यातही त्याची वैधता वादग्रस्त. भिन्न जातींतील हिंदू विवाहांना निःसंदिग्ध मान्यता देणारा कायदा १९४९ मध्ये आला. त्याच्या १६ वर्षे आधी, सनातनी मताचा जोर असलेल्या पुण्यात, प्रेमलीलाबाईंच्या घरात हा मंगल सोहळा पार पडला.

१०/ ऑगस्टमध्ये गांधीजी पुन्हा येरवडा तुरुंगात. हरिजन कार्याची सवलत नाकारल्याने १६ ऑगस्टला पुन्हा उपोषण, प्रकृती ढासळल्यावर ससून रुग्णालय, २३ तारखेला सुटका. आणि मुक्काम? पर्णकुटी. तुरुंगातून नुकतेच सुटलेले जवाहरलाल नेहरू सप्टेंबरमध्ये त्यांना पुण्यात भेटले. चळवळीच्या पुढील दिशेविषयी गांधीजींनी नेहरूंना लिहिलेल्या १४ सप्टेंबरच्या पत्रावर पर्णकुटीचाच पत्ता आहे.

११/ अकरा वर्षांनी पुन्हा तेच. आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघांचेही निधन झाले होते. ६ मे १९४४ रोजी आजारी गांधीजींची सुटका झाली. १९३३ मध्ये दोनदा आणि १९४४ मध्ये पुन्हा एकदा, पुण्यातील बंदिवास संपल्यावर त्यांची पावले याच घराकडे वळली. एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. तीनदा घडले त्यामागे यजमानाचा ठाम निर्णय असतो.

१२/ प्रेमलीलाबाईंचे कार्य आतिथ्यापुरते नव्हते. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक निधीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९५१ मध्ये महिला विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू त्याच झाल्या. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

१३/ वास्तूंचा इतिहास सांगताना तेथे कोण उतरले होते, हे आपण आवर्जून सांगतो. दार कोणी उघडले, हे बहुधा राहून जाते. पर्णकुटीच्या बाबतीत तर पाहुण्यामुळे घराचे नाव चौकाला मिळाले आणि मालकिणीचे नाव मागे पडले. येरवड्यातून जाताना ती पाटी दिसली, तर लेडी प्रेमलीला ठाकरसी हे नावही तिच्यासोबत आठवावे.